‘नाटकी व्यक्तिमत्त्व’ : एका निदानसंज्ञेची भाषिक चिकित्सा

१

मराठीत ‘नाव ठेवणे’ आणि ‘नावे ठेवणे’ या दोन वाक्प्रचारांत केवळ वचनाचा भेद आहे. अर्थाचा भेद मात्र बारशापासून निंदेपर्यंतचा आहे. वैद्यकाने रोगाला नाव ठेवावे, रोग्याला नावे ठेवू नयेत, हा दंडक तत्त्वतः सर्वांना मान्य असतो. क्षय, मधुमेह, आमवात या संज्ञांच्या बाबतीत तो पाळणे अवघड नाही. कारण त्या संज्ञांचा विषय शरीरातील घडामोड हा असतो. मनोविकारशास्त्राची अडचण निराळी आहे. मनुष्याच्या बोलण्याचालण्याचे वर्णन करण्यासाठी त्या शास्त्राला जे शब्द घ्यावे लागतात, ते आधीच घराघरांतून, ओसरीवरून आणि पाणवठ्यावरून वापरले गेलेले असतात. त्या वापरातील राग, थट्टा आणि तुच्छता त्यांना चिकटून राहते. शास्त्राने व्याख्या केली म्हणून ती धुऊन निघत नाही.

या अडचणीचे उदाहरण म्हणून ‘हिस्ट्रिऑनिक पर्सनॅलिटी डिसऑर्डर’ या निदानसंज्ञेचा विचार करण्यासारखा आहे. सतत इतरांच्या लक्षाचा केंद्रबिंदू होण्याची निकड, भावनांचे ठळक परंतु झपाट्याने पालटणारे प्रकटन आणि इतरांच्या मान्यतेवर टिकून राहिलेला आत्मभाव, अशी या विकाराची स्थूल ओळख करून दिली जाते. मराठीत या संज्ञेसाठी पहिला शब्द ओठावर येतो तो ‘नाटकी’. हा शब्द योग्य आहे काय, हा प्रश्न वरवर केवळ परिभाषेचा वाटतो. वस्तुतः त्याच्या पोटात दुसरा आणि अधिक गंभीर प्रश्न दडलेला आहे: ज्याच्या दुःखाला ‘नाटक’ हे नाव पडले, त्याच्या दुःखावर पुढे विश्वास कोण ठेवणार? प्रस्तुत लेखात संज्ञेचा इतिहास, निदानाच्या निकषांची भाषा आणि मराठीतील पर्याय या तीन अंगांनी या प्रश्नाचा परामर्श घेण्याचे योजिले आहे.

२

‘हिस्ट्रिऑनिक’ या विशेषणाच्या मुळाशी ‘हिस्ट्रिओ’, म्हणजे नट, हा लॅटिन शब्द आहे. रोमन इतिहासकार लिव्ही याने आपल्या इतिहासाच्या सातव्या ग्रंथात या शब्दाची कथा सांगितली आहे. परंपरेने इसवी सनपूर्व ३६४ हे ज्याचे वर्ष मानले जाते त्या साथीच्या काळात रोममध्ये देवतांचा कोप शांत करण्यासाठी एत्रुरिया प्रांतातून नर्तक-नट आणविण्यात आले. त्यांच्या भाषेत नटाला ‘इस्तेर’ म्हणत, आणि त्यावरून ‘हिस्ट्रिओ’ हा शब्द रूढ झाला, असे त्याचे म्हणणे आहे. ही व्युत्पत्ती कथा म्हणून घेतली तरी तीत एक विलक्षण योगायोग आहे. जो शब्द रोगावरील उपाय म्हणून नगरात आला, तोच सुमारे तेवीस शतकांनंतर रोगाचे नाव होऊन बसला.

हे स्थित्यंतर सरळ मार्गाने झाले नाही. या संज्ञेच्या आधी तिच्या जागी दुसराच शब्द होता. ‘हिस्टेरिया’ हे नाम गर्भाशयवाचक ‘हिस्टेरा’ या ग्रीक शब्दापासून साधलेले आहे. स्त्रियांच्या अनेक व्याधींचे मूळ गर्भाशयात शोधण्याची प्रवृत्ती हिप्पोक्रेटिसच्या नावावर असलेल्या ग्रंथांपासून चालत आलेली होती, आणि ती कल्पना टाकून दिल्यानंतरही शब्द मागे उरला. विसाव्या शतकात मनोविश्लेषणाच्या प्रभावाने ‘हिस्टेरिकल’ हे विशेषण लक्षणांकडून स्वभावाकडे सरकले. १९३३ साली विल्हेल्म राइख याने स्वभावरचनांवरील आपल्या ग्रंथात अशा एका स्वभावप्रकाराचे वर्णन केले. अमेरिकन मनोचिकित्सक संघाच्या निदानपुस्तिकेच्या दुसऱ्या आवृत्तीत, १९६८ साली, ‘हिस्टेरिकल पर्सनॅलिटी’ हे मुख्य नाव असून ‘हिस्ट्रिऑनिक’ हे नाव कंसात होते. १९८० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत कंसातील नाव बाहेर आले आणि मुख्य नाव लोपले.

या दोन शब्दांचा व्युत्पत्तीच्या दृष्टीने परस्परांशी काहीही संबंध नाही. एक ग्रीक, दुसरा लॅटिनच्या द्वारे आलेला. परंतु त्यांचे ध्वनिसाम्य इतके निकट आहे की बदल झाला हे कानाला जाणवू नये. उद्देश स्तुत्य होता: गर्भाशयाचा उल्लेख जाऊन निदान लिंगनिरपेक्ष व्हावे. परंतु भाषेच्या अभ्यासकाला येथे एक परिचित प्रकार दिसतो. कलंकित शब्द काढून त्याच्या जागी निष्कलंक शब्द ठेवला, आणि शब्दामागची प्रतिमा मात्र जशीच्या तशी राहिली, तर नवा शब्द काही काळातच जुन्याचा कलंक अंगावर घेतो. येथे तर नवा शब्दही निष्कलंक नव्हता. नट हा पाश्चात्त्य नीतिविचारात बहुधा संशयितच राहिलेला आहे. ‘गर्भाशयामुळे असे वागते’ या जुन्या आरोपाच्या जागी ‘मुद्दाम असे वागते’ हा नवा आरोप आला. पहिल्यात निदान देहाची तरी सबब होती. दुसऱ्यात तीही उरली नाही.

३

रंगभूमीचे रूपक मात्र १९८० साली प्रथम आले असे नव्हे. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात जाँ-मार्तँ शार्को याने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या चरणात हिस्टेरियाचा जो अभ्यास मांडला, त्यात व्याख्यानगृह, प्रेक्षक आणि रुग्णांचे प्रात्यक्षिक ही तिन्ही अंगे होती. आंद्रे ब्रुइये याने १८८७ साली रंगविलेल्या चित्रात हे दृश्य टिकून राहिले आहे: एका बाजूस आचार्य, त्यांच्या सहकाऱ्याच्या हातावर कलंडलेली रुग्ण स्त्री, आणि समोर बसलेला पुरुषांचा विद्वत्समुदाय. फ्रॉइड ऑक्टोबर १८८५ ते फेब्रुवारी १८८६ या काळात याच रुग्णालयात होता.

याच रुग्णालयाने १८७६ ते १८८० या काळात रुग्णांच्या छायाचित्रांचे ग्रंथ प्रसिद्ध केले. त्यांतील सर्वाधिक परिचित छायाचित्रे ऑगस्तीन नावाच्या मुलीची आहेत. त्या छायाचित्रांखालील शीर्षके भाषिक दृष्ट्या उद्‌बोधक आहेत: याचना, समाधिसुख, धमकी, हाक, उपहास, क्रूसारोहण. ही वैद्यकाची परिभाषा नाही. ती चित्रकलेची, धर्मकथेची आणि रंगभूमीची परिभाषा आहे. म्हणजे रुग्णाने काय केले हे सांगण्याच्या आधीच, ती कोणती भूमिका करीत आहे हे शीर्षकाने ठरवून टाकले. तिच्या वृत्तांतात वयाच्या तेराव्या वर्षी तिच्यावर झालेल्या बलात्काराची नोंद आहे. झटक्यांच्या वेळी ती जे बोले, त्यात त्या प्रसंगाचे उल्लेख येत. ते लिहूनही घेतले गेले. परंतु लक्ष वेधून घेतले ते तिच्या मुद्रांनी, तिच्या शब्दांनी नव्हे. १८८० साली ती पुरुषवेष करून रुग्णालयातून निसटली. तिच्या एकूण वृत्तांतात ज्याला खरोखर सोंग म्हणता येईल असा हा एक प्रसंग, आणि तो प्रेक्षकांसाठी नव्हता; प्रेक्षकांपासून सुटण्यासाठी होता.

या इतिहासातून निघणारा निष्कर्ष मर्यादित परंतु महत्त्वाचा आहे. ‘नाटकीपणा’ हा केवळ पाहिलेल्या व्यक्तीचा गुण नाही. नाटक घडण्यासाठी प्रेक्षक लागतो. आणि पाहणाऱ्याने कोणत्या आसनावरून पाहिले यावर दृश्य अवलंबून असते. पॉल चोडॉफ आणि हेन्री लायन्स यांनी १९५८ साली याच विषयावरील आपल्या लेखात हा मुद्दा स्पष्टपणे मांडला. हिस्टेरिकल व्यक्तिमत्त्वाचे प्रचलित चित्र म्हणजे पुरुषांनी रेखाटलेले स्त्रीत्वाचे विडंबन आहे, असा त्यांच्या टीकेचा आशय होता.

४

आता निकषांच्या भाषेकडे वळावे. निदानपुस्तिकेच्या चौथ्या आवृत्तीत, म्हणजे १९९४ साली, आठ निकष दिले गेले आणि २०१३ सालच्या पाचव्या आवृत्तीतही ते कायम ठेवण्यात आले. त्यांपैकी पाच आढळले, ते तारुण्याच्या आरंभापासून आणि निरनिराळ्या प्रसंगांत आढळले, तर निदान करता येते. सारांशाने ते असे: लक्षाचा केंद्रबिंदू नसताना अस्वस्थता; अनुचित रीतीने लैंगिक आकर्षण दर्शविणारे वर्तन; झपाट्याने बदलणारे, उथळ भावप्रकटन; लक्ष वेधण्यासाठी रूपाचा सातत्याने उपयोग; अतिशय संस्कारात्मक आणि तपशीलशून्य बोलणे; स्वतःचे नाट्यीकरण आणि भावनांचे अतिरंजन; सूचनावशता; आणि संबंध आहेत त्याहून अधिक निकटचे मानणे.

‘अनुचित’, ‘उथळ’, ‘अतिशय’, ‘अतिरंजित’, ‘आहेत त्याहून अधिक’ या शब्दांकडे बारकाईने पाहिले असता ते सर्व तुलनावाचक असल्याचे दिसते. एडवर्ड सपीर याने १९४४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात दाखवून दिले आहे की, ‘मोठा’ किंवा ‘पुष्कळ’ यांसारखे शब्द निरपेक्ष गुण सांगत नाहीत; ते एका गृहीत मानाशी केलेली तुलना सांगतात, आणि ते मान उच्चारले जात नाही. ‘मोठी मुंगी’ आणि ‘लहान हत्ती’ यांत हे मान ऐकणाऱ्याला आपोआप कळते. ‘अतिरंजित भावना’ यात ते कळत नाही. कोणाच्या मानाने अतिरंजित? त्या प्रसंगाच्या, त्या घराच्या, त्या गावाच्या, की तपासणाऱ्याच्या? सर्वच मनोविकारनिदानांत अशी सापेक्ष विशेषणे थोडीफार असतात. परंतु येथे ती निकषांचा कणाच होऊन बसली आहेत.

हे रिकामे मान शेवटी कोण भरते, याचे उत्तर एका प्रयोगातून मिळते. १९८९ साली फोर्ड आणि विडिगर यांनी मानसशास्त्रज्ञांपुढे रुग्णवृत्तांत ठेवले. मजकूर तोच, फक्त काही प्रतींत रुग्ण पुरुष, काहींत स्त्री, काहींत लिंगाचा उल्लेख नाही. नाटकीपणाचे निदान स्त्रीच्या वाट्याला अधिक आले, आणि समाजविघातक व्यक्तिमत्त्वाचे निदान पुरुषाच्या. परंतु सुटी लक्षणे एकेक करून तपासावयास दिली, तेव्हा हा पक्षपात दिसला नाही. भाषाभ्यासकाच्या दृष्टीने हा दुसरा भाग पहिल्याहून मोलाचा आहे. एकेक निकष वाचताना तपासणारा पुष्कळसा सावध असतो. समग्र नावाचा प्रश्न आला की सावधपणा सुटतो. नाव उच्चारताच त्याच्या डोळ्यांपुढे एक तयार आकृती उभी राहते, आणि ती आकृती स्त्रीची असते. अमेरिकेत २००१-०२ मध्ये त्रेचाळीस हजारांहून अधिक प्रौढांची जी पाहणी झाली, तीत या विकाराचे प्रमाण १.८४ टक्के आढळले, आणि स्त्री-पुरुषांत फरक आढळला नाही. लोकसमूहाची सरसकट पाहणी केली असता जो भेद दिसत नाही, तो निदान करताना दिसावा, यात शब्दाचा वाटा किती, हे वरील प्रयोगावरून ध्यानात येते.

५

आठ निकषांपैकी एक प्रत्यक्ष भाषेविषयी आहे आणि त्याचा स्वतंत्र विचार अवश्य आहे. तो १९८७ सालच्या सुधारित आवृत्तीत आला. त्याला पार्श्वभूमी आहे ती डेव्हिड शपायरो याच्या १९६५ सालच्या ग्रंथाची. अशा व्यक्तीची जाणीवच ठसे टिपणारी, तपशील न टिपणारी असते, आणि म्हणून तिचे बोलणेही तसेच होते, असे त्याने प्रतिपादिले होते. एखाद्या माणसाविषयी विचारले असता ‘फार थोर माणूस’ एवढे उत्कटतेने सांगावे, आणि थोरपणाचे एखादे उदाहरण विचारताच निरुत्तर व्हावे, हे त्याचे सामान्य रूप.

कार्ल ब्यूलर याने १९३४ साली भाषेची तीन कार्ये सांगितली: वस्तूचे प्रतिपादन, बोलणाऱ्याच्या भावाचे प्रकटन आणि ऐकणाऱ्याला आवाहन. या परिभाषेत बोलावयाचे तर, प्रस्तुत निकषाची तक्रार अशी आहे की प्रकटन आणि आवाहन वाढले आणि प्रतिपादन सुकले. हे निरीक्षण मार्मिक आहे, आणि सर्वस्वी टाकाऊ नाही. परंतु ते एका भाषेच्या बोलण्याच्या रीतीवरून केलेले आहे. ते मराठीस लावताना दोन गोष्टींचे भान ठेवावे लागते.

पहिली गोष्ट अनुकरणवाचक शब्दांची. एमनो याने १९५६ साली भारत हे एक भाषिक क्षेत्र असल्याचा सिद्धांत मांडला, आणि १९६९ साली ध्वन्यनुकारी शब्दांच्या आधारे त्याला पुष्टी दिली. मराठीत छातीत धस्स होते, काळजात चर्र होते, पोटात कालवते, मन गलबलते. माणूस ओक्साबोक्शी, हमसून हमसून, धाय मोकलून रडतो. हे अलंकार नव्हेत. रोजच्या बोलण्यातील नेमके शब्द आहेत. ओक्साबोक्शी रडणे आणि मुसमुसणे यांतील भेद मराठी माणसाला लांबीरुंदीच्या मापाइतका स्पष्ट असतो. म्हणजे परक्या कानाला जे केवळ संस्कारात्मक वाटेल, त्यात तपशील भरलेला असतो. फक्त तो वस्तूचा नसून अनुभवाचा असतो. गावाकडे मृताच्या गुणांची आठवण काढीत हेल काढून रडण्याची जी रीत आहे, तीही याच मापाने मोजली पाहिजे. तेथे न रडणे हेच प्रसंगाला सोडून असते.

दुसरी गोष्ट व्याकरणाची. ‘मी रडले’, ‘मला रडू आले’ आणि ‘मी रडून दाखविले’ ही तीन वाक्ये मराठीत तीन निरनिराळ्या घटना सांगतात. पहिल्यात क्रिया केली जाते. दुसऱ्यात रडू हा कर्ता आहे. तो येतो, कोसळतो, आवरत नाही, आणि माणूस चतुर्थीच्या रूपाने केवळ त्याचे स्थान होऊन राहतो. तिसऱ्यात सहाय्यक क्रियापदाने प्रेक्षक वाक्यात आणून बसविला आहे. ‘नाटकी’ हे विशेषण लावणारा मनुष्य दुसऱ्याच्या प्रत्येक ‘रडू आले’चे ‘रडून दाखविले’ असे रूपांतर करीत असतो. ते रूपांतर कधी बरोबर असेल, कधी चूक. परंतु रुग्णाने स्वतः कोणते वाक्य वापरले हे ऐकून घेतल्यावाचून ते करण्याचा अधिकार कोणास नाही. मराठी रुग्णाच्या बाबतीत ही पृच्छा व्याकरणानेच सुलभ करून ठेवली आहे, आणि तिचा उपयोग करून घेतला पाहिजे.

६

या टीकेवर एक रास्त आक्षेप घेता येईल. ती अशा टोकाला नेली तर विकार असा काही नाहीच, सर्व दोष पाहणाऱ्याच्या दृष्टीचा, असे होईल. तसे म्हणणे चूक ठरेल. या वर्णनात बसणारी माणसे असतात, ती दुःखी असतात, आणि ती स्वतः बहुधा नाटकीपणाची तक्रार घेऊन येत नाहीत. संबंध तुटल्यावर, विषण्णतेत, एकाकीपणात मदत मागतात. कोणी पाहत नसताना आपण आहोत की नाही अशीच ज्यांना शंका येते, त्यांची व्यथा शब्दच्छलाने नाहीशी होत नाही. प्रश्न व्यथा आहे की नाही हा नसून, नटाच्या रूपकाने ती समजते की झाकली जाते, हा आहे.

अर्व्हिंग गॉफमन याने १९५६ साली आणि पुढे १९५९ च्या विस्तृत आवृत्तीत दाखविले की, सामान्य सामाजिक व्यवहारही रंगमंचासारखाच असतो: दर्शनी भाग निराळा, नेपथ्य निराळे. दुकानदार, शिक्षक, यजमान हे सर्व भूमिका करतात. ते खरे मानले, तर केवळ भूमिका करणे हे विकाराचे लक्षण होऊ शकत नाही. भेद अन्यत्र शोधला पाहिजे, आणि तो शोधण्यास भरताचे नाट्यशास्त्र अधिक उपयोगी पडते. कारण त्या शास्त्रात अभिनय म्हणजे असत्य हे समीकरण नाही.

स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभेद, वेपथु, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय असे आठ सात्त्विक भाव भरताने सांगितले आहेत. ही यादी साल्पेत्रिएरच्या लक्षणांशेजारी ठेवली तर साम्य चकित करणारे आहे: ताठरणे, थरथरणे, आवाज बसणे, शुद्ध हरपणे. परंतु निष्कर्ष उलट आहे. भरताच्या मते सत्त्व मनापासून उद्भवते आणि ते एकाग्र चित्तावाचून साधत नाही. अन्यमनस्क नटाला खरे अश्रू आणता येत नाहीत. म्हणजे दाखविलेला अश्रूही मनातूनच यावा लागतो. दिदरोने आपल्या नटविषयक संवादात याच्या विरुद्ध बाजू घेतली: श्रेष्ठ नट स्वतः काही न अनुभवता प्रेक्षकाला अनुभव देतो. ‘हिस्ट्रिऑनिक’ या संज्ञेने नकळत दिदरोचा नट गृहीत धरला आहे. भरताचा नट धरला असता, तर ‘दाखविते म्हणून खोटे’ हे अनुमान मुळात निघालेच नसते.

‘उथळ, झपाट्याने बदलणारी भावना’ या निकषावरही येथे प्रकाश पडतो. भरताच्या व्यवस्थेत तेहतीस व्यभिचारी भाव येतात आणि जातात. त्यांना अर्थ येतो तो ज्या स्थायी भावाच्या आश्रयाने ते वावरतात त्याच्यामुळे. या दृष्टीने पाहता प्रस्तुत विकारातील उणीव भाव खोटे असण्याची नसून, त्यांना धरून ठेवणाऱ्या स्थायी आधाराची आहे. प्रत्येक क्षणीचा राग खरा, प्रत्येक क्षणीचा स्नेह खरा. परंतु त्यांना सांधणारे सूत्र बाहेर, इतरांच्या डोळ्यांत शोधावे लागते. नटाला प्रयोग संपला की पडद्यामागे जाता येते. या व्यक्तीची व्यथा ती नट आहे ही नाही. तिला नेपथ्य नाही, ही आहे. एवढा भेद ध्यानात घेतला की रूपक आरोप करण्याचे सोडून समजावून सांगू लागते.

७

आता मराठी पर्यायाचा प्रश्न. ‘नाटकी’ हा शब्द सोंग, ढोंग, कांगावा, थेर, आव आणणे या शब्दांच्या शेजारी राहणारा आहे. त्या सर्वांत हेतुपुरस्सर फसवणुकीची छटा आहे. ‘आक्रस्ताळा’ या शब्दात ती नाही, परंतु उपहास आहे. ‘नाट्यधर्मी’ हा शब्द भारदस्त आहे. तथापि भरताने तो लोकधर्मीच्या जोडीने प्रयोगपद्धतीसाठी योजला आहे, आणि चांगल्या संज्ञेची अशी ओढाताण करू नये. ‘विकृती’ आणि ‘विकार’ यांत दुसरा शब्द बरा. कारण विकृती या शब्दाने आज मराठीत नैतिक अधःपाताचा वास धरला आहे, तर विकार हा ज्वरालाही लागतो आणि मोहालाही. व्यथेचे केंद्र लक्षाची निकड हे धरले, तर ‘लक्षापेक्षी व्यक्तिमत्त्वविकार’ हा शब्द विचारात घेण्यासारखा आहे. ‘अपेक्षा’ या शब्दात इच्छा आहे तसेच अवलंबनही आहे, आणि येथे दोन्ही अभिप्रेत आहेत. ‘दाखविते’ हा आरोप त्यात नाही. अर्थात हाही शब्द वापराने मळू शकेल. परंतु आरंभीच मळलेला शब्द घेण्यापेक्षा हे बरे.

मुळातील संज्ञेचे आसनही आज स्थिर राहिलेले नाही. २०१३ सालच्या निदानपुस्तिकेत जो पर्यायी आराखडा दिला आहे, त्यात सहा व्यक्तिमत्त्वविकार ठेवले असून हा विकार त्यांत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत त्याला स्वतंत्र स्थान होते. २०२२ च्या आरंभी लागू झालेल्या अकराव्या आवृत्तीने असे बहुतेक सर्व प्रकार रद्द करून विकाराची तीव्रता आणि स्वभावगुणांची क्षेत्रे यांवर भर दिला. म्हणजे एका वर्गीकरणात ही संज्ञा आहे आणि दुसऱ्यात नाही, अशी आजची स्थिती आहे. परंतु ग्रंथातून शब्द काढला म्हणून तो दवाखान्यातून आणि घरातून जात नाही. ‘हिस्टेरिया’ स्वतंत्र वर्ग म्हणून केव्हाच मोडीत निघाला. मराठी घरांत मात्र ‘तिला हिस्टेरिया आहे’ हे वाक्य अद्याप ऐकू येते.

म्हणूनच हा वाद केवळ पारिभाषिक कोशाच्या समितीपुरता नाही. ज्या व्यक्तीवर नाटकीपणाचा शिक्का बसला आहे, तिने जिवाचे बरेवाईट करण्याचा उच्चार केला, तर ऐकणारा प्रथम ‘पुन्हा नाटक सुरू झाले’ असे मनाशी म्हणण्याचा संभव फार. तिच्या छातीत दुखू लागले तर तपासणीस उशीर होण्याचा संभव फार. शिक्का खरा असला तरीही असा उच्चार गांभीर्यानेच घेतला पाहिजे. कारण लक्षाची निकड आणि मरणाची इच्छा या एकाच मनात एका वेळी राहू शकतात. नाव ठेवणाऱ्या शास्त्राने नावे ठेवणाऱ्या समाजाला आयता शब्द पुरविला, तर त्या शब्दाची किंमत संज्ञाकार भरीत नाही. ज्याला तो शब्द लागला तो भरतो.